घोड्याच्या आवारातला चिखल: आधी पाणी काढा, मग खडी टाका

फाटकापाशी घोडा चिखलात रुतून उभा दिसला की पहिला विचार मनात येतो तो एक गाडी खडी मागवण्याचा. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. खडी आली, पसरली, दोन आठवडे जागा छान दिसली आणि पावसाळा सरायच्या आत खडी नाहीशी झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिथं खणलं तेव्हा ती वीतभर खाली सापडली, घट्ट मातीत गुंतलेली. खडीचा दोष नव्हता. ज्या पाण्यानं चिखल केला होता ते पाणी मी तिथंच ठेवलं होतं आणि खडीला बसायला खाली घट्ट बैठक दिली नव्हती.

नव्यानं घोडा पाळणाऱ्यांनी हा खर्च दोनदा करू नये म्हणून हे लिहितोय. कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी वळवायचं, मग खराब माती काढायची, मग उतार, मग कापड, मग खडी आणि सर्वांत शेवटी घोड्याच्या पायाखाली येणारा थर. यातली एखादी पायरी गाळली तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांची मेहनत वाया जाते.

चिखल नेमका होतो कसा

साधा हिशेब करून पाहा. ५०० किलोचा घोडा चार पायांवर उभा आहे. एका खुराचा तळ साधारण १२० चौरस सेंटीमीटर धरला तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळपास एक किलो भार येतो. तोच घोडा भरधाव पळताना एक पाय जमिनीवर टेकतो तेव्हा त्या एका खुरावर वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर येऊ शकतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला दहा किलोच्या आसपास. कोरडी माती हे सोसते. ओली माती सोसत नाही. तिच्या कणांमधल्या पोकळ्या दाबल्या जातात, वरचा थर कालवला जातो आणि त्याच्या खालचा थर चोपून निघतो. मग पाण्याला खाली मुरायला वाटच उरत नाही. पुढचा पाऊस त्या थरावर साचतो, पुन्हा खूर पडतात आणि चिखल आणखी खोल जातो.

यात तिसरी भर लीदेची. मोठा घोडा दिवसाला २० ते २५ किलो लीद टाकतो, म्हणजे वर्षाला सात ते नऊ टन. ही लीद, शिवाय खाली सांडलेलं वाळलेलं गवत, हे सगळं पायाखाली कालवलं गेलं की स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. बऱ्याच आवारांतला वरचा काळा चिखल ही माती नसतेच, ती जुनी लीद असते.

खुरावर याचा काय परिणाम होतो तेही सांगतो, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे. सतत ओलीत राहिलं की खुराचं कवच मऊ पडतं, नालेचे खिळे सैल होतात आणि चिखल नाल ओढून काढतो. खुराच्या तळाशी मधोमध जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत कुजणं सुरू होतं. काळा स्राव आणि उग्र वास ही त्याची खूण. खुराच्या वरच्या, मागच्या खोलगट भागातली कातडी ओलीनं फुगली की डर्मॅटोफिलस कांगोलेन्सिस नावाचा जिवाणू तिथं शिरतो आणि खपल्या धरतात. त्या दुखऱ्या असतात, बऱ्या व्हायला वेळ घेतात. शिवाय घसरणं आणि पाय मुरगळणं आलंच. थंडीत गोठणाऱ्या जमिनीवर तर खुरांचे खड्डे दगडासारखे होतात आणि घोड्याला पाय टेकायला सपाट जागा मिळत नाही.

आधी पावसात उभे राहा

दुरुस्ती कोरड्या दिवसांत करायची, पण पाहणी मात्र भर पावसात. छत्री घ्या, दहा-बारा खुंट्या घ्या आणि आवारात चक्कर मारा. पाणी कुठून आत येतं? छपरावरून, रस्त्यावरून, की वरच्या शेतातून? कुठल्या वाटेनं वाहतं आणि कुठं थांबतं? जिथं थांबतं तिथं खुंटी ठोका. पाऊस थांबल्यावर एक दिवसानं पुन्हा जा आणि अजून पाणी दिसतंय तिथं दुसऱ्या रंगाची चिंधी बांधा. उन्हाळ्यात सगळं आवार सारखंच दिसतं, तेव्हा या खुंट्याच तुमचा नकाशा असतात.

मातीची ओळख करून घ्यायला दोन सोपे उपाय आहेत. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ पाणी गढूळ ठेवते. चिकणमातीचा थर जाड असेल तर पाणी जमिनीत मुरेल ही आशा सोडा, त्याला पृष्ठभागावरूनच बाहेर काढावं लागेल. दुसरा उपाय खड्ड्याचा. हातभर खोल खड्डा पाण्यानं भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीनं मोजा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला एक-दोन सेंटीमीटरही उतरलं नाही तर निचरा वाईट आहे असं समजा.

उतार डोळ्यांनी ठरवू नका. डोळा हमखास फसवतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळीची पाणसळ दोन माणसांत धरली की आवाराच्या दोन टोकांतला फरक अचूक कळतो.

छपराचं पाणी: सर्वांत कमी मेहनतीचा बदल

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या तबेल्याचं छप्पर १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल आणि एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ३,००० लिटर पाणी त्या छपरावरून खाली येतं. पन्हळ नसेल तर ते सगळं पाणी घोडा जिथं उभा राहतो नेमक्या त्याच कडेला पडतं. पन्हळ लावा, तिला पुरेसा उतार द्या आणि खाली येणारा पाइप आवाराच्या बाहेर न्या. पाइपाचा जो भाग घोड्याच्या तोंडाच्या किंवा लाथेच्या टप्प्यात येतो त्याला आडोसा करा, नाहीतर आठवड्यात तुकडे होतील. खर्च करायला हाताशी फारच थोडं असेल तर पहिला पैसा इथं घाला, खडीवर नको.

वरच्या बाजूनं येणारं पाणी आवारात शिरायच्या आधीच अडवायचं. त्यासाठी कुंपणाच्या बाहेर, चढाच्या बाजूला, पसरट आणि उथळ चर काढा. काठ उभे न ठेवता तिरके ठेवा आणि त्यात गवत वाढू द्या, म्हणजे माती वाहून जात नाही. आवाराच्या आत उघडा चर कधीच ठेवू नका, घोड्याचा पाय मोडायला तेवढं निमित्त पुरतं.

जिथं जमिनीतून पाणी पाझरतं तिथं बंद चर लागतो. ४५ ते ६० सेंटीमीटर खोल खणायचं, आत पाणी झिरपू देणारं कापड अंथरायचं, त्यावर धुतलेल्या खडीचा थर, मग १०० मिलिमीटरचा भोकं असलेला पाइप, वर पुन्हा खडी आणि शेवटी कापड दुमडून झाकायचं. पाइपाला १०० मीटरला निदान एक मीटर उतार हवा. पाणी शेवटी सोडायचं कुठं हे खणायच्या आधी ठरवा. शेजाऱ्याच्या हद्दीत नाही आणि विहिरीकडे किंवा ओढ्याकडे थेट तर मुळीच नाही, कारण या पाण्यात लीद आणि मूत्र मिसळलेलं असतं. दाट गवताच्या पट्ट्यावर सोडलं तर पाणी गाळून पुढं जातं.

एवढं केलं आणि एक पावसाळा थांबलात तरी चालेल. काही आवारांत पाणी वळवल्यावर अर्धा चिखल आपोआप जातो आणि मग खडी किती थोडी लागते हे पाहून बरं वाटतं.

सगळं आवार एकदम घेऊ नका

घोडे सगळीकडे सारखे फिरत नाहीत. फाटक, पाण्याची टाकी, चारा टाकायची जागा, छपराच्या पुढची ओळ आणि कुंपणाच्या कडेनं पडलेली पायवाट, चिखल मुख्यतः इथंच होतो. सुरुवात फाटकापासून करा, तिथं तुम्हालाही रोज चालावं लागतं.

जागा किती मोठी घ्यायची? घोड्याचे चारही पाय कोरड्यावर राहतील आणि त्याला वळताही येईल इतकी. पाण्याच्या टाकीभोवती निदान तीन मीटर, फाटकाशी साधारण चार बाय पाच मीटर. याहून लहान तुकडा केला तर त्याच्या कडेलाच नवा खड्डा पडतो, कारण पुढचे पाय खडीवर आणि मागचे चिखलात राहतात.

गवताचं कुरण वेगळं असेल तर पावसाच्या दिवसांत घोडा ठेवायला एक छोटं, पक्क्या जमिनीचं आवार स्वतंत्र करा. कुरण ओलं असताना त्यावर घोडा सोडला नाही तर गवताची मुळं वाचतात. अशा आवारासाठी एका घोड्यामागे ४० चौरस मीटरपेक्षा कमी जागा मला तरी पटत नाही, आणि चौकोनापेक्षा लांबट आकार बरा, घोड्याला दुडकी चालता येते.

खरवडणं आणि उतार

कोरडा हंगाम आला की वरचा सगळा काळा, मऊ थर काढून टाका. फावडं टणक मातीवर आपटल्याचा आवाज येईपर्यंत. हा थर कुठं १० सेंटीमीटर निघतो, कुठं ३०. हात आखडू नका. मऊ मातीचा एक कप्पाही खाली राहिला तरी तिथंच पुढं खड्डा पडतो. निघालेला माल शेतीला उत्तम आहे, ढीग करून कुजू द्या.

नवखे इथं जी चूक करतात ती नंतर दुरुस्त करणं फार अवघड जातं, म्हणून नीट वाचा. तुम्ही २५ सेंटीमीटर खणलं आणि खड्ड्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर तुम्ही हौद बांधलाय. चिकणमातीत हा हौद पाण्यानं भरेल, खडी त्यात तरंगल्यासारखी राहील आणि खालची माती लोण्यासारखी होईल. म्हणून खणलेल्या तळालाच उतार द्यायचा, तो चराकडे किंवा मोकळ्या बाजूकडे न्यायचा आणि काम पुरं झाल्यावरची पातळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी वर ठेवायची.

उतार दोन टक्के, म्हणजे दर मीटरला दोन सेंटीमीटर. दहा मीटरला २० सेंटीमीटर. एक टक्क्याच्या खाली गेलात तर पाणी रेंगाळतं. चार-पाच टक्क्यांच्या वर गेलात तर जोराचा पाऊस वरचा बारीक थर वाहून नेतो. दोरी आणि खुंट्या लावून, पाणसळीनं तपासत तळ सारखा करा आणि मग चोपा. लहान जागेला हातानं चालवायचं प्लेट कॉम्पॅक्टर पुरतं, मोठीला रोलर. माती किंचित ओलसर असताना चोपणी चांगली बसते. अगदी कोरडी माती दबत नाही आणि ओली माती बाजूला सरकते.

कापड कशासाठी

खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड घालतात. पाणी त्यातून खाली जातं, पण खालची माती वर येत नाही आणि खडी खाली जात नाही. माझी पहिली गाडी गडप झाली ती या एका कापडाअभावी. न विणलेलं, फेल्टसारखं दिसणारं, चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचं कापड घ्या. त्याऐवजी प्लास्टिकची ताडपत्री घालायचा मोह होईल. ती घालू नका, त्यातून पाणी जात नाही.

पट्टे अंथरताना एकावर एक निदान ३० सेंटीमीटर चढवा, जमीन मऊ असेल तर ५०. छपरावर वरचं कौल खालच्या कौलावर येतं तसाच चढाच्या बाजूचा पट्टा उताराच्या बाजूच्या पट्ट्यावर यायला हवा. कापडावर ट्रक किंवा ट्रॅक्टर थेट चढवू नका. खडी कडेला ओतून पुढं ढकलत न्या, म्हणजे यंत्र नेहमी खडीवरच राहतं. आणि कापडाची कड कुठंही उघडी राहता कामा नये. घोड्यानं टाप मारली आणि कड नालेत अडकली की घोडा घाबरून उधळतो. शिवाय उन्हानं उघडं कापड विरतं.

खडीची बैठक

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले रस्ते अभियंते जॉन मॅकॅडम यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यांबद्दल जे ओळखलं तेच इथं लागू पडतं. भार खालची जमीनच पेलते, फक्त ती कोरडी राहिली पाहिजे, आणि वरचे दगड लहान व धारदार कोनांचे असले की ते एकमेकांत अडकून सलग छत तयार करतात. म्हणून पायथ्याला फोडलेली खडीच हवी. नदीतले गोल गोटे स्वस्त मिळाले तरी इथं घालू नका. ते कधीच एकमेकांत बसत नाहीत, पायाखाली फिरत राहतात.

खालचा थर २० ते ४० मिलिमीटर खडीचा, चोपून झाल्यावर १० ते १५ सेंटीमीटर. तळ फारच नरम असेल तर २०. त्यावर बारीक खडी आणि दगडाची कच यांचं मिश्रण, पाच सेंटीमीटर, म्हणजे वरच्या फटी भरतात. एकदम सगळं ओतून चोपू नका. दहा सेंटीमीटरचा थर टाका, चोपा, उतार तपासा, मग पुढचा. बुटाची टाच जोरानं रोवून फिरवली आणि खूण उमटली नाही की थर बसला.

कठीण, खडा मुरूम मिळत असेल तर लहान जागेत तोही चालतो, पण मूठभर घेऊन पाण्यात कालवून पाहा. हाताला चिकट लागला तर त्यात माती जास्त आहे आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचाच चिखल होईल. पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा मात्र फुकट मिळाला तरी नको. त्यात खिळे, तारा, काच आणि फरशीचे पातळ तुकडे असतात आणि हे सगळं पुढची कित्येक वर्षं वर येत राहतं. खुराच्या तळात घुसलेला एक खिळा घोड्याच्या जिवावर बेतू शकतो.

माल किती लागेल ते असं काढा. फाटकाशी चार बाय पाच मीटर म्हणजे २० चौरस मीटर. १५ सेंटीमीटर जाडीला तीन घनमीटर होतात. चोपल्यावर खडी बसते म्हणून चौथाई जास्त धरा, म्हणजे पावणेचार घनमीटर. घनमीटरला दीड टन धरलं तर साधारण साडेपाच टन. ब्रासमध्ये मोजत असाल तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कापड २० नव्हे, २६ चौरस मीटर तरी लागेल, कारण पट्टे एकमेकांवर चढतात आणि कडा दुमडाव्या लागतात.

पायाखालचा थर

बैठक पाण्यासाठी आणि भारासाठी, वरचा थर घोड्यासाठी. उघड्या मोठ्या खडीवर घोडा ठेवायचा नसतो. १५-२० मिलिमीटरचे टोकदार तुकडे खुराच्या खाचांत अडकतात, तळाला ठेचा बसतात आणि घोडा लंगडतो. तसंच जमीन फार कडक असली तर सांध्यांना हादरे बसतात, फार खोल आणि भुसभुशीत असली तर पायाच्या कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर, आणि अस्थिबंधांवर ताण येतो. टापेची खूण उमटेल, पण पाय रुतणार नाही, अशी जमीन हवी. कोणताही एक माल सगळ्या जागांना चालत नाही, म्हणून जागेनुसार निवडा.

दगडाची कच, म्हणजे शून्य ते पाच मिलिमीटरचा चुरा, फाटकाला आणि वाटेला चांगली. चोपली की सपाट, घट्ट बसते. पण ती कोरडी असताना धूळ उडते आणि फार बारीक भुकटी जास्त असेल तर ओली झाल्यावर निसरडी होते. घेताना मुठीत दाबून पाहा. पिठासारखी लागली तर परत पाठवा.

वाळू मऊ असते, निचरा चांगला देते, घोड्याला आवडते. धुतलेली, मध्यम दाण्याची, अर्धा ते दोन मिलिमीटरची आणि कोनदार दाण्याची घ्या. जाडी आठ-दहा सेंटीमीटर पुरे. जाड थर म्हणजे जास्त सुख असं नव्हे, खोल वाळूत चालताना कंडरा दुखावतात. वाळूवर चारा मात्र कधीही टाकू नका. घोडा गवताबरोबर वाळू गिळतो, ती आतड्यात साचते आणि पोटशूळ उठतो. मधूनमधून तपासा: लीदेचे चार-पाच गोळे पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून पंधरा-वीस मिनिटं टांगून ठेवा. तळाशी चमचाभराहून जास्त वाळू दिसली तर पशुवैद्याशी बोला.

लाकडाचे तुकडे, ज्यांना वुडचिप म्हणतात, ते पायाला छान असतात आणि १५ सेंटीमीटर टाकले की लगेच फरक दिसतो. पण ते कुजतात. दोन-तीन वर्षांत त्यांची माती होते आणि ती काढली नाही तर पुन्हा चिखलच. लाकूड कोणतं आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका. काळ्या अक्रोडाच्या ताज्या लाकडाच्या चुऱ्यावर उभं राहूनही घोड्याला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा दाह होतो. कण्हेर आणि यू ही झाडं घोड्याला विषारी आहेत, अगदी थोडी पानं खाल्ली तरी. बागेतल्या छाटणीचा मिसळलेला माल म्हणूनच मी घेत नाही.

सहा ते दहा मिलिमीटरची गोल, बारीक रेव ही बिननालेच्या घोड्यांसाठी मला सर्वांत आवडलेली गोष्ट. वर मी गोल गोट्यांना नाही म्हटलं ते बैठकीसाठी. वरच्या थरात हेच गोल खडे खुराच्या तळाला सगळीकडून आधार देतात, धूळ होत नाही आणि पाऊस थांबताच जागा कोरडी. लीद उचलायला मात्र जास्त वेळ लागतो.

रहदारी फारच असेल तिथं, म्हणजे अरुंद फाटकाशी किंवा टाकीजवळ, प्लास्टिकच्या जाळीदार चौकटी खडीवर बसवून त्यात कच भरतात. त्या टिकतात, पण खालची बैठक सपाट असेल तरच. उंचसखल जागेवर बसवल्या की कोपरे वर येतात आणि तुटतात. चारा टाकायच्या जागी रबरी चटई घाला, झाडायला सोपी पडते.

कडेला काहीतरी अडवण लागते, नाहीतर वरचा थर पसरत जातो. गोल कडांचे लाकडी ओंडके किंवा जमिनीत पुरलेले दगड चालतात. रेल्वेचे जुने स्लीपर वापरू नका, त्यात मुरवलेलं क्रिओसोट विषारी असतं आणि घोडे लाकूड कुरतडतातच.

एक मऊ कोपरा

सगळं आवार घट्ट करून टाकलं आणि घोड्याला लोळायला, आडवं व्हायला जागाच ठेवली नाही, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. घोडा उभ्यानं डुलकी घेतो हे खरं, पण झोपेचा एक महत्त्वाचा टप्पा, ज्यात स्नायू पूर्ण सैल पडतात, तो आडवं झाल्याशिवाय त्याला मिळत नाही. दिवसाला अर्धा तास तरी त्याला अशी झोप लागते. जमीन ओली किंवा टोचणारी असेल तर घोडा आडवा होतच नाही आणि मग उभ्या उभ्या झोप लागून गुडघ्यावर कोसळतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर न समजणाऱ्या जखमा दिसल्या तर हे कारण आहे का ते पाहा.

म्हणून चार बाय चार मीटरचा, वाळूचा किंवा वुडचिपचा जाड थर असलेला एक कोपरा ठेवा, शक्यतो छपराखाली आणि कुंपणापासून दूर. कुंपणाला लागून असेल तर लोळताना पाय तारेत अडकतात.

रोजचं काम

लीद रोज उचला. यावर तडजोड नाही. आठवडाभर राहिलेली लीद खडीच्या फटींत शिरते आणि ज्या निचऱ्यासाठी एवढं केलं तो बंद होतो. आठवड्यातून एकदा दंताळं फिरवून वरचा थर सारखा करा, खड्डे लहान असतानाच भरा. पन्हळीतला पाला पावसाच्या आधी काढा. बंद चराच्या तोंडाशी पाणी येतंय ना ते मोठ्या पावसात एकदा पाहून या. वरचा थर दरवर्षी थोडा झिजतो, त्यासाठी थोडा माल बाजूला राखून ठेवा.

नव्या जमिनीवर घोडा सोडताना पहिले दोन-तीन दिवस हातात दोरी धरून चालवा. नवा पृष्ठभाग पाहून तो पळापळ करतो आणि वर अजून न बसलेला थर सरकतो. बिननालेच्या घोड्याला खडीची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून चोवीस तास ठेवू नका. नालबंद पुढच्या वेळी आला की तळ दाखवून त्याचं मत विचारा, खुरात काय बदललं ते त्याला लगेच दिसतं.

ऐन पावसात अडकलात तर

आता पाऊस चालू आहे, घोडा चिखलात आहे आणि हे सगळं वाचून उन्हाळ्यापर्यंत थांबायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. चिखलावर खडी ओतू नका, ती जाईल. गवत किंवा पेंढाही टाकू नका, दोन दिवसांत त्याचाच लगदा होतो. त्यातल्या त्यात उंच जागा शोधा, तात्पुरतं कुंपण घालून घोडा तिथं हलवा, चारा आणि पाणीही तिकडेच न्या. वरचा पातळ चिखल खोऱ्यानं ओढून काढा आणि १५-२० सेंटीमीटर वुडचिप टाका. एक हंगाम निघतो, आणि उन्हाळ्यात खरवडताना तो थर मातीबरोबर सहज उचलला जातो. फावड्यानं एक उथळ चर काढून साचलेल्या पाण्याला बाहेर वाट दिली तरी एका दुपारीत फरक दिसतो, फक्त घोडा परत सोडायच्या आधी तो चर बुजवा.

पाय रोज धुवायचा मोह आवरा. चिखल सुकू द्या आणि ब्रशनं झाडा, कारण वारंवार धुण्यानं कातडी आणखी मऊ पडते. धुवावेच लागले तर टॉवेलनं पूर्ण कोरडे करा. खुराचा तळ दिवसातून एकदा हुकानं साफ करा आणि वास घेऊन पाहा. कुजका वास आला, घोडा पाय टेकेना, किंवा खपल्यांच्या वरचा भाग सुजून गरम लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.